मल्लूचा वरचा सा

"जबडा!" मी ओरडले. "मल्लू, जबडा सोड म्हणते ना!"

मल्लूनं जबडा सोडला. ग, प, ध अगदी शहाण्यासारखे आले. वरच्या सा ची चाहूल लागली मात्र, त्याची हनुवटी वर गेली, तोंड डावीकडे ओढलं गेलं, मानेवरची शीर करंगळीएवढी फुगली आणि एवढ्या खटाटोपातून जो सूर बाहेर पडला, तो दाराच्या फटीत बोट सापडलेल्या माणसाचा होता.

मी पेटीचा भाता सोडून दिला.

"काय सांगितलं होतं मी?"

"जबडा सोडायचा, बाई."

"मग?"

"सोडला हुता की."

"कधी?"

"खाली असताना."

मी कपाळावर हात मारून घेतला. खाली असताना कोणीही सोडतं! खाली असताना आमचा दूधवालाही जबडा सोडून गातो. मी हे सगळं त्याला मोठ्या आवाजात सांगितलं. तो मान खाली घालून बसला आणि नेहमीप्रमाणे त्याचा डावा हात हळूच वर जाऊन त्यानं डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली. माझं बोलणं वाढलं की हा कान धरायचा. त्या कान धरण्यानं माझं डोकं अजूनच फिरायचं.

"कान काय धरतोस? शाळेत आहेस का?"

त्यानं कान सोडला.

आता इतक्या वर्षांनी त्या दिवसांकडे बघताना पहिल्यांदा आठवतो तो माझा चढलेला आवाज. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर मी गाण्याचा क्लास चालवत होते. पाटगावकरबाईंचा क्लास म्हटलं की पोरींचे आईबाप आधी विचारायचे, "बाई रागावतात म्हणे फार?" रागावतेच. सूर जिथं आहे तिथं तो लागत नसेल तर काय ओवाळायचं?

मल्लिकार्जुन नेर्ले हा गडहिंग्लजचा मुलगा कोल्हापुरात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला होता. दुकान सुटलं की हातापायांचं ग्रीस रॉकेलनं पुसून क्लासला यायचा, तरी नखांत काळं राहायचंच. पहिल्या दिवशी त्यानं भूप म्हटला आणि मी हातातली चहाची बशी खाली ठेवली. मंद्र आणि मध्य सप्तकात असा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. भरीव, गोल, कुठं कच्चा नाही. मी मनात म्हटलं, शुभदा, जन्मात एक असा मुलगा मिळाला तर पुष्कळ झालं. मग त्यानं अंतरा घेतला, तो वरच्या सा पाशी गेला आणि माझी बशी खाली ठेवल्याचा मला पश्चात्ताप झाला.

सांगली आकाशवाणीच्या ऑडिशनला तो आधी एकदा बसून आला होता. तिथं त्याला एकाच कारणानं परत पाठवलं होतं: तार सप्तकात गळा आवळतो. दिवाळीनंतर पुन्हा बोलावणं होतं. या वेळीही जमलं नाही, तर वडील त्याला गावी नेऊन गुऱ्हाळावर बसवणार होते. गाणं बंद, हे त्यांनी अख्ख्या घरासमोर सांगून ठेवलं होतं. मल्लूनं मला ते रडतबिडत नाही सांगितलं. "ह्या खेपेला झालं तर झालं, बाई," एवढंच म्हणाला. पण रेडिओवर गायचं हे त्या मुलानं मनाशी असं काही धरलं होतं की दुसरं त्याला काही सुचतच नव्हतं.

तेव्हा मी कंबर कसली. गळा मोकळा करायचे जेवढे म्हणून उपाय मला माझ्या बाईंनी शिकवले होते आणि जेवढे मी मुलांवर ओरडता ओरडता स्वतः शोधले होते, तेवढे सगळे करून झाले.

जांभई दे म्हटलं. जांभईत घसा कसा आपोआप मागून उघडतो, तेवढीच जागा वरच्या सुराला ठेव, एवढंच सांगायचं होतं. दुकानात दिवसभर उभा राहून आलेला मुलगा, त्यानं एकदा जी जांभई दिली ती थांबेचना. बघता बघता लहान मुलींची अख्खी रांग जांभया द्यायला लागली आणि शेवटी मीही. सा जिथं होता तिथंच राहिला.

सतरंजीवर उताणा झोपवून गायला लावलं. झोपलेल्या माणसाला मान ताणता येत नाही. मल्लूनं ती झोपूनही ताणली.

तोंड मिटून नुसतं गुणगुणायला लावलं. ओठांची भुर्रर करायला लावली. जीभ बाहेर काढून आलाप करायला लावले. माझ्या दोन बोटांनी त्याचा जबडा धरला. सा च्या वेळी तो जबडा माझी बोटं घेऊन डावीकडे निघाला.

मग पट्टी उतरवून बघितली. त्याची नेहमीची पट्टी काळी एक. मी ती इतकी खाली आणली की त्याचा वरचा सा, काल तो सहज हसत हसत म्हणत होता त्या ध च्याच जागी आला. तोच सूर, पेटीची तीच पट्टी, माझं बोट तिथंच.

"हा ध म्हण," मी म्हटलं. मोकळा, गोल ध आला.

"आता ह्यालाच सा म्हण."

हनुवटी वर, तोंड डावीकडे, शीर करंगळीएवढी.

"अरे देवा!" मी पेटी बंद केली. "मल्लू, हे एकच आहे रे! एकच सूर आहे हा! नाव बदललं की गळफास का लागतो तुला?"

"तो सा हाय न्हवं, बाई," मल्लू म्हणाला. एवढा मोठा खुलासा त्यानं अशा शांतपणे केला की मला वाटलं, उठून माडीवरून खाली जावं आणि जरा वेळ रस्त्यात उभं राहावं.

शेवटी आरसा आणला. आतल्या खोलीतला, कपाटाचा सुटा झालेला मोठा आरसा मी दोन मुलींकडून उचलून आणवला आणि त्याच्यासमोर उभा केला. माणसाला स्वतःचं वाकडं झालेलं तोंड दिसलं की ते आपोआप सरळ होतं, हा माझा अनुभव. कितीतरी मुलींच्या भुवया मी त्या आरशानं खाली आणल्या होत्या. मल्लू सा म्हणाला. आरशातलं तोंड डावीकडे ओढलं गेलं. मल्लूनं ते नीट निरखून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

"दिसलं का?" मी विचारलं.

"दिसलं की."

"काय दिसलं?"

"बरोबर हाय की, बाई."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"बरोबर? हे बरोबर? कुणी शिकवलं तुला हे?"

हा प्रश्न मी त्याला आधीही कितीदा विचारला होता. उत्तर ठरलेलं. "गावाकडंच थोडं, बाई." कोणाकडे, काय, किती वर्षं, काही नाही. मी गृहीत धरलं होतं की भजनी मंडळातल्या कुणीतरी पेटीवाल्यानं आरडाओरडा करायला लावून पोराचा गळा बिघडवला असणार. तशी पोरं माझ्याकडे पुष्कळ यायची.

"ज्यानं कुणी तुझा गळा असा करून ठेवला ना, त्याला जोड्यानं मारला पाहिजे," मी म्हणाले.

मल्लूचा चेहरा पांढरा पडला. डावा हात कानाकडे गेला आणि या वेळी त्यानं पाळी इतकी घट्ट धरली की ती लाल झाली.

त्याची दुसरी एक तऱ्हा सांगायला हवी. हा मुलगा क्लासमधून कधी सरळ बाहेर जायचा नाही. नमस्कार करून जो मागं सरकायचा तो तसाच, माझ्याकडे तोंड करून, उलटा उलटा दारापर्यंत. दारापाशी आमची चपलांची मांडणी होती. आठवड्यातून एकदा तरी तो तिच्यावर आपटायचा आणि सगळ्या चपला जिन्यावरून खाली. "अरे, वळून चाल की बाबा," मी ओरडायचे, "दार पुढून दिसतं माणसाला!" तो "व्हय बाई" म्हणायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा उलटा. जुन्या वळणाच्या घरातला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं, पण चपला गोळा करायला मुली लागायच्या.

ऑडिशन आठवड्यावर आली. त्या दिवशी मी त्याला फक्त प ध सा, प ध सा एवढंच करायला बसवलं. संध्याकाळपासून दुसरं काही नाही. शेवटी शेवटी तर तो सा येण्याआधीच मला त्याचं तोंड दिसायला लागलं. माझ्या स्वतःच्या मानेत कळ भरली.

"बस," मी म्हणाले. "झालं. माझ्याच्यानं होत नाही, मल्लू. मी थकले. ज्यानं शिकवलंय त्याच्याकडेच जा आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून आण. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो उठला. नमस्कार केला. मागं मागं सरकत गेला आणि चपलांच्या मांडणीवर आपटला. कुणी हसलं नाही. त्यानं स्वतःच सगळ्या चपला जोडीनं लावल्या आणि गेला.

पाच दिवसांनी सकाळीच तो दारात उभा. मी भाजी निवडत होते.

"बाई, बुवांनी तुमास्नी बोलावलंय."

"कोण बुवा?"

मी भाजीची परात खाली ठेवली.

"नाव नाही त्या बुवांना?"

मल्लूनं डाव्या हातानं कानाची पाळी धरली, डोळे खाली केले आणि म्हणाला, "रामलिंगबुवा चौगुले."

गाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरूचं नाव तोंडातून बाहेर पडण्याआधी हात कानाला जातो. मी स्वतः माझ्या बाईंचं नाव घेताना कान धरते, आम्ही सगळेच धरतो, पण उजव्या हातानं उजवा. हा डाव्यानं डावा धरायचा, आणि नाव न घेताच धरायचा. त्यामुळे इतके महिने मला वाटत राहिलं की पोरगं चुकलं म्हणून कान पकडतंय.

आणि नाव तरी कुणाचं! रामलिंगबुवा चौगुले. मी कॉलेजात असताना वडलांबरोबर त्यांचं गाणं एकदा ऐकलं होतं, देवळाच्या आवारात, उत्सवात. मध्येच कर्णा बंद पडला होता. बुवांनी तिकडे बघितलंही नाही, अंतरा घेतला आणि वरचा सा असा लावला की आवाराबाहेरच्या बत्ताशेवाल्यानं तराजू हातात धरून ठेवला. परत येताना वडील घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढं बुवा आजारी पडल्याचं कानावर आलं आणि मग त्यांचं नावच ऐकू येईनासं झालं. आहेत की गेले, हेही मला माहीत नव्हतं.

"थापा मारू नकोस," मी म्हणाले.

"देवाशप्पत, बाई."

माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. असा सा ज्यांच्या गळ्यात होता, त्यांच्या शागिर्दाचा हा सा? एक तर पोरगं खोटं बोलत होतं, नाहीतर बुवांनी म्हातारपणी भलतंच काहीतरी शिकवून ठेवलं होतं. काहीही असो, आता समोरासमोर विचारायचंच, म्हणून मी तशीच पातळ बदलून निघाले. एस्टीत मल्लू माझ्या शेजारी बसायला धजावला नाही, मागच्या बाकावर बसला. निपाणीला त्यानं खिडकीतून चहा दिला. मी घेतला, पण बोलले नाही. मी वाक्यं जुळवत होते.

गडहिंग्लजच्या बाजाराच्या मागच्या बोळात बुवांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत लाकडी हातांच्या खुर्चीत बुवा बसले होते. अंगात स्वच्छ पांढरी बंडी. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. तोंडाचा उजवा भाग खाली उतरलेला आणि त्यामुळे सगळं तोंड डावीकडे ओढलं गेलेलं.

मी दारातच थांबले. एस्टीतली वाक्यं तिथंच गळून पडली.

"बसा बाई," बुवा म्हणाले. एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखे ते बोलत. "लांबनं आलासा. पोरगं कसं हाय?"

"आवाज देवाचा आहे," मी म्हणाले. "पण वर गेला की..."

"बोला की. एस्टीत ठरवून आला असशीला."

मला एकदम हसू आलं आणि त्याच दमात बोलायची हिंमतही आली. "बुवा, तुमचा सा मी ऐकलाय. देवळाच्या आवारात. मग ह्या मुलाला हे काय शिकवलंत?"

बुवांनी डाव्या हातानं मल्लूला खूण केली. त्यानं कोपऱ्यातला तंबोरा काढला, गवसणी उतरवली, जुळवला. बुवांनी डोळे मिटले आणि गायले. प. ध. आवाज जुना झालेला, पण सूर तिथल्या तिथं. मग वरचा सा घ्यायला त्यांनी हनुवटी वर केली. तोंडाची जी एकच बाजू त्यांचं ऐकत होती त्या बाजूला तोंड ओढलं गेलं, गळ्यावरची शीर फुगली, आणि अर्ध्या मेलेल्या जबड्यातून तो सूर त्यांनी अक्षरशः ओढून बाहेर काढला. केवढे कष्ट होते ते! पण सा खरा होता.

माझं लक्ष मल्लूकडे गेलं. बाळाला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसं त्याचं झालं होतं. तो गात नव्हता, नुसता तंबोरा छेडत होता, पण बुवांबरोबर त्याची हनुवटी वर गेली होती, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, शीर फुगली होती. तंतोतंत.

"बघितलासा?" बुवांनी डोळे उघडून विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"ह्यो माझ्याकडं आला तवा मी असाच हुतो. माझं बरं असताना ह्यानं मला कधी बघितलंच न्हाई. रोज म्होरं बसायचा. मी म्हणायचो, सूर घे रं, तोंड घिऊ नको. पर पोरगं सगळंच घेतंय. गाणं कुठलं आन दुखणं कुठलं, त्याला काय कळतंय?" ते दम खायला थांबले. "मला न्हाई सोडवता आलं त्यातनं. दाखवाय गेलो की परत हेच दाखवतोय मी. तुमी लई रागीट म्हणून ऐकलं हुतं. म्हटलं, तिकडं जाऊ दे. शिव्या खाऊन तरी सुटंल."

"मग मला सांगायचं नाही का, कुणाकडून आलाय ते!" मी मल्लूवर उलटले. "तोंडात काय गूळ धरला होतास?"

"बुवा म्हणाले हुते, नाव सांग म्हणून," मल्लू खाली बघत म्हणाला. "मीच न्हाई सांगितलं. तुमी नावं ठिवणार हुतासा, बाई. रोजच ठिवता. ती बुवांस्नी लागली असती."

त्याला जोड्यानं मारला पाहिजे, हे मी म्हणाले होते. ते वाक्य त्या खोलीत माझ्या कानात पुन्हा वाजलं आणि मला तिथं बसवेना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त चीड आली. मल्लूच्या त्या गप्प बसण्याची, माझ्या आरशाची आणि जांभयांची, बुवांच्या दुखण्याची, सगळ्याचीच. ज्याला रोज सांगत होते की हे वाकडं आहे, त्याच्या लेखी गाणाऱ्या माणसाचं तोंड असंच असतं. आरशात त्याला गुरू दिसत होता आणि मी त्याला विचारत होते, दिसलं का!

"ऑडिशन परवावर आली, मल्लू," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मऊ आला. "आता काय करायचं?"

"मला ठावं हाय बाई, कसा सोडायचा ते. तुमी शिकवलंय. दुकानात कुणी नसलं की म्हणतोय मी. येतोय कधी कधी मोकळा सा."

"येतो?" मी ताडकन उठलेच. "येतो आणि मला सांगत नाहीस?"

"येतोय, पर तो बुवांचा वाटत न्हाई. बुवांचं सोडल्यागत वाटतंय. मग परत आवळतोय मी."

डोकं भिंतीवर आपटावं असं मला वाटलं. महिनोन् महिने मी ज्याच्यासाठी घसा फोडला, तो सूर ह्याच्याकडे होता. येत होता! आणि हा तो जाणूनबुजून परत पाठवत होता.

बुवांनी मल्लूकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "म्हण."

मल्लू म्हणाला. प, ध, आणि नजर बुवांच्या तोंडावर. सा आला तोच, ओळखीचा.

"माझ्याकडं बघू नको."

त्यानं डोळे मिटले. तरी तेच. मिटल्या डोळ्यांपुढं कोण होतं ते सांगायला नको.

"फिर तिकडं. पाठ कर माझ्याकडं."

"बुवा!" मल्लूचे हात तंबोऱ्यावरून खाली आले. "तेवढं न्हाई जमायचं."

"पाठ कर म्हणतोय न्हवं?"

"न्हाई जमायचं, बुवा. काय बी सांगा. ह्ये न्हाई."

मला चपलांची मांडणी आठवली. हा मुलगा माझ्यासारख्या चार दिवसांच्या बाईकडेही पाठ करत नव्हता. ह्या माणसाकडे कुठून करणार?

बुवांनी खुर्चीच्या हातावर डावा पंजा रोवला आणि उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. मल्लू धावला तसा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"तू बस. बाई, जरा हात लावा."

त्यांना काय करायचं होतं ते आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. मी खुर्ची मागून धरली आणि फिरवायला लागले. खाली शहाबादी फरशी उंचसखल होती, खुर्ची जड होती आणि बुवा पायानं जमेल तेवढं ढकलत होते. मल्लू "नगं, बुवा, नगं" म्हणत हात जोडून बसला होता. खुर्ची पूर्ण फिरली. बुवांचं तोंड भिंतीकडे झालं. पाठ शिष्याकडे. खुर्ची हलत होती म्हणून मी भिंतीला टेकून तिचा हात धरून उभी राहिले.

"आता ऐक," बुवा भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. "माझं तोंड माझ्यासंगं ऱ्हाऊ दे. त्ये तुझं न्हवं. माझ्याकडनं सा न्यायचा हुता, त्यो ने. म्हण."

तंबोरा सुरू झाला. मधला सा, ग, प. मी दात आवळून उभी होते. सवयीनं माझ्या तोंडात "जबडा!" आलेलं होतं. ध. मल्लू ध वर थांबला, इतका की मला वाटलं आता हा उठून जाणार. आणि मग तो वर गेला.

सा लागला. नुसता लागला. कुठं ओढ नाही, कुठं धक्का नाही. तो त्या छोट्या खोलीत मावत नव्हता. पुढं सांगलीलाही तो असाच लागला आणि मल्लू पास झाला, पुढं किती तरी ठिकाणी मी तो ऐकला. पण त्या खोलीतला तो पहिला सा चालू असताना मी काय बघितलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बुवांचं तोंड फक्त मला दिसत होतं. त्यांची हनुवटी वर गेली होती, तोंड डावीकडे ओढलं होतं, गळ्याची शीर फुगली होती. आवाज न काढता ते त्याच्याबरोबर म्हणत होते. आणि त्यांच्या खांद्यावरून मला मल्लू दिसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हनुवटी जागेवर होती, मान सैल होती, जबडा मी इतके दिवस घसा फोडून सांगत होते तसा सुटलेला होता. दोन्ही तोंडं मला एकदमच दिसत होती आणि पहिल्यांदाच ती एकमेकांसारखी नव्हती.

सूर थांबला. तंबोरा चालू राहिला.

"बाई," बुवांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "तोंड कसं हाय त्याचं?"

"सरळ आहे, बुवा."

"माझ्यागत न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

बुवांनी मान हलवली. मी खुर्ची परत फिरवायला वाकले, तसा त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला.

"ऱ्हाऊ दे अशीच," ते म्हणाले. "आणिक एकदा म्हण म्हणावं त्याला."